केदारनाथच्या दरीत हेलिकॉप्टर कंपनी चालवायची म्हणजे नक्की काय करायचं

केदारनाथला हेलिकॉप्टरने जाऊन आलेला माणूस घरी आला की एक हिशोब हमखास मांडतो. सहा माणसं बसतात, माणशी सहा हजार, सात-आठ मिनिटांत वर, दिवसाला पंधरा-वीस फेऱ्या, म्हणजे दिवसाचे एवढे लाख आणि महिन्याचे एवढे कोटी, नुसती लूट आहे राव. गुणाकार चुकीचा नाहीये. फक्त या हिशोबात रोज सगळ्या फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीला सहाच्या सहा सीट भरतात आणि वर्षाचे बाराही महिने असंच चालतं असं धरलेलं असतं, आणि डोंगरात यातलं काहीच होत नाही. मी बरीच वर्षं हेलिकॉप्टर मेंटेनन्सच्या लाइनमध्ये आहे, नात्यातले लोक दर एप्रिलला विचारतात की हेलिकॉप्टर सेफ आहे का, बुक करू का, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं की या छोट्या कंपन्या चालतात कशा.

आधी सीझन. मंदिराची दारं एप्रिलच्या शेवटी नाहीतर मेच्या सुरुवातीला उघडतात आणि भाऊबीजेला बंद होतात, २०२५ मध्ये २ मे ते २३ ऑक्टोबर उघडी होती. त्यातला जुलै-ऑगस्ट पावसात जातो, तेव्हा शटल, म्हणजे खालच्या हेलिपॅडवरून केदारनाथला सतत जाऊन-येऊन होणाऱ्या फेऱ्या, जवळजवळ बंदच असते. म्हणजे कामाचे दिवस उरले मे ते जूनचा मध्य आणि मग सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत, सगळे मिळून तीन महिनेसुद्धा भरत नाहीत आणि त्यातलेही कित्येक दिवस अर्धे, कारण सकाळी स्वच्छ आणि दुपारी ढग हे तिथलं रोजचं गणित आहे. ढगामुळे फेरी रद्द झाली की प्रवाशाला रिफंड द्यायचा, म्हणजे कंपनीच्या हातात काही नाही, पण पायलटचा पगार चालू, लीजचा हप्ता चालू, इन्शुरन्स चालू. अशा सहा प्रवाशांचं नवं सिंगल इंजिन मशीन, म्हणजे हेलिकॉप्टर, पंचवीस-तीस कोटींच्या घरात जातं, त्यामुळे छोट्या कंपनीकडे अशी दोन-चार मशीन असतात, तीही बहुतेक कर्जावर नाहीतर लीजवर. भाडं पण कंपनीने मनाने लावायचं नसतं, ते उत्तराखंडच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाच्या टेंडरमधून ठरतं. २०२५ च्या पहिल्या सत्रात, खालच्या हेलिपॅडपैकी फाटा किंवा सिरसीहून जाऊन-येऊन सहा हजारांच्या किंचित वर आणि गुप्तकाशीहून साधारण साडेआठ हजार असं होतं.

आता खरा मुद्दा, तो म्हणजे किलो. बाकी कुठल्याही धंद्यात पैसे रुपयांत मोजतात, इथे आधी किलोत मोजावे लागतात.

हेलिकॉप्टर वर राहतं कारण त्याची पाती हवा खाली ढकलतात. हवा दाट असेल तर काम सोपं, विरळ असेल तर तेवढंच वजन उचलायला पात्यांना जास्त झुंजावं लागतं, आणि त्याच विरळ हवेत इंजिनचीही ताकद कमी होते कारण त्यालाही श्वास तीच हवा घ्यायची असते. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, फुटांत ११,७०० च्या आसपास. एवढ्या उंचीवर पुस्तकी तापमान उणे आठ डिग्री धरतात, पण मे महिन्यात दुपारी ऊन पडलं की तिथे १५ डिग्री सहज होतं. आणि हवा तापली की अजून विरळ होते, म्हणजे १५ डिग्रीला तिथली हवा समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच उरते आणि मशीनला वाटतं आपण १४,००० फुटांच्याही वर आहोत. उंची बदललेली नाही, पण सकाळी सहाला जे वजन आरामात उचललं तेच दुपारी बाराला उचलायला मशीन नाही म्हणतं.

डोंगरातल्या हेलिपॅडची आणखी एक गोष्ट आहे जी प्रवाशाला दिसत नाही. हेलिकॉप्टर जमिनीपासून दोन-तीन मीटरवर तरंगत असतं तेव्हा जमिनीमुळे त्याला थोडा आधार मिळतो, कमी ताकदीत भागतं, याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात. पण पॅडची कड संपून खाली दरी लागली की तो आधार एका क्षणात जातो. त्यामुळे पायलटने नुसतं ‘उचललं गेलं’ म्हणून निघायचं नसतं, आधाराशिवाय हवेत तरंगायला लागेल एवढी ताकद शिल्लक आहे ना हे मशीनच्या पुस्तकातल्या चार्टवर (कुठल्या उंचीला, कुठल्या तापमानाला किती वजन) बघूनच निघायचं असतं. शेपटीचा छोटा पंखा पण त्याच विरळ हवेत चालतो, मागून जोराचा वारा आला आणि मशीन वजनदार असलं तर नाक सरळ ठेवायलाच पेडल पुरत नाही अशी वेळ येऊ शकते.

एक हिशोब करून बघू, आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा सगळ्या सामानासकट रिकामं मशीन १,३०० किलो, पायलट ८०, आणि आजच्या तापमानाला केदारनाथला चार्ट म्हणतो की २,००० किलोच्या वर जायचं नाही. उरले ६२० किलो. त्यात इंधनही आलं आणि माणसंही आली. सहा जण ८० किलोचे धरले तर ४८०, प्रत्येकाची दोन किलोची पिशवी धरून ४९२, म्हणजे इंधनाला राहिले १२८ किलो. आता विमानाचं इंधन लिटरला साधारण ८०० ग्रॅम भरतं, म्हणजे १२८ किलो म्हणजे १६० लिटर, आणि हे मशीन तासाला १८० लिटरच्या आसपास पितं. तर सगळं मिळून तुमच्याकडे पाऊण तासाच्या थोडं वर उड्डाण आहे, राखीव धरून. म्हणून शटलवाले टाकी कधीच फुल करत नाहीत, थोड्या फेऱ्यांपुरतं भरतात आणि खाली आलं की परत भरतात.

आणि यातूनच सगळ्यात महत्त्वाचं समीकरण निघतं: शंभर लिटर इंधन म्हणजे ८० किलो म्हणजे एक प्रवासी. उलट बाजूने बघा, एक सीट रिकामी ठेवली तर पायलटला अर्ध्या तासाहून जास्त वेळ मिळतो, परत फिरायला, दुसऱ्या हेलिपॅडला जायला, ढग सरकायची वाट बघायला. सीट भरली की तेवढे पैसे आले आणि तेवढे पर्याय गेले. डोंगरातली हेलिकॉप्टर कंपनी चालवणं म्हणजे माझ्या मते हा एकच निर्णय दिवसातून वीसदा घेणं आहे, आणि तो निर्णय दर वेळी काउंटरवर उभ्या असलेल्या लोकांच्या चेहऱ्याकडे न बघता घेता आला पाहिजे. वजनकाट्यावर उभं करतात तेव्हा लोक चिडतात, ८० किलोच्या वर असलात तर किलोमागे जादा पैसे लागतात म्हणून तर फारच चिडतात, पण तो काटा पैशासाठी ठेवलेला नाही, वर लिहिलेल्या हिशोबासाठी आहे. बुकिंगमध्ये ७२ लिहायचं आणि प्रत्यक्षात ८८ असायचं, असे चार जण एका फेरीत आले की जवळजवळ एका माणसाचं वजन कुठल्याही कागदावर न येता चढतं.

आता हवामान. मंदाकिनीची दरी अरुंद आहे, गौरीकुंडाच्या वर तर काही ठिकाणी मोठं वळण घ्यायलासुद्धा जागा बघावी लागते. आणि तिथे ढग बऱ्याचदा वरून येत नाहीत, खालून येतात. उतारावरची हवा उन्हाने तापते, दरीतून वर चढते, ओलावा घेऊन येते आणि गौरीकुंड-केदारनाथ वाटेवरच्या रामबाड्याच्या आसपास पांढरी भिंत उभी राहते. वर केदारनाथला लख्ख ऊन असतं, समोर शिखर दिसत असतं, प्रवासी म्हणतात एवढं छान आहे आणि हे उडत का नाहीत, पण पायलटला माहीत असतं की खाली जायचं दार बंद झालंय. पायलट ढगात शिरला की त्याला उतार दिसत नाही, आपण सरळ आहोत की तिरके हे शरीराला कळत नाही, आणि दरीत दोन्ही बाजूंना डोंगर काही सेकंदांच्या अंतरावर असतो. बाहेर बघून उडणं हाच इथला एकमेव नियम आहे. मोठ्या विमानतळावर ढगातून खाली आणणारी यंत्रणा असते तशी या अरुंद दरीत बसवून भागत नाही, कारण ढगात चुकलं तर वर निसटायला सरळ मोकळी जागा लागते आणि तीच इथे नाही.

२०२५ चं पहिलं सत्र फार वाईट गेलं. ८ मे ला गंगोत्रीच्या वाटेवर गंगनानीजवळ एक हेलिकॉप्टर पडलं, सहा जण गेले, प्राथमिक अहवालात रस्त्यावर उतरायच्या प्रयत्नात वरून गेलेल्या फायबर केबलला पातं लागल्याचं आलं. १७ मे ला केदारनाथला उतरताना हेली-अॅम्ब्युलन्सची शेपटी तुटली, माणसं वाचली. ७ जूनला सिरसीहून निघालेलं एक मशीन बिघाडामुळे थेट हायवेवर उतरवावं लागलं. आणि १५ जूनला पहाटे साडेपाचच्या सुमाराला केदारनाथहून परतताना गौरीकुंडाच्या वरच्या जंगलात हेलिकॉप्टर पडून सातही जण गेले, त्यात एक लहान मूल होतं, आपल्या यवतमाळकडचं एक कुटुंब होतं. त्या वेळी दरीत ढग होते, आणि ठरलेला स्लॉट सहाचा असताना उड्डाण त्याच्या आधी झाल्याचं पोलिस तक्रारीत नोंदवलं गेलं. ही बातमी वाचून मला आजही पोटात खड्डा पडतो, कारण यातलं कुठलंच कारण नवं नाही. ऑक्टोबर २०२२ ला गरुडचट्टीजवळ ढगातच सात जण गेले होते. जून २०२५ च्या अपघातानंतर डीजीसीएने, म्हणजे केंद्राच्या नागरी उड्डाण नियामकाने, फेऱ्या कमी केल्या, दरीत कॅमेरे लागले, कंट्रोल रूम आली, हवामान खात्याची माणसं आली, आणि त्या सप्टेंबरपासून भाडं जवळपास दीडपट झालं. भाडं वाढलं म्हणून ओरड झाली खरी, पण फेऱ्या कमी आणि भाडं जास्त हे गणित सुरक्षित आहे, उलटं असताना प्रत्येक कंपनीला दिवसाचा आकडा फेऱ्या वाढवूनच गाठावा लागतो.

लोक विचारतात की एकच इंजिन का, दोन का नाही. समुद्रावर, म्हणजे आपल्या जुहूहून बॉम्बे हायला जी हेलिकॉप्टर जातात ती दोन इंजिनांचीच असतात आणि तिथे ते बरोबर आहे. डोंगरात मात्र दुसरं इंजिन म्हणजे शेकडो किलो जादा वजन, आणि या उंचीवर एक बंद पडलं तर उरलेल्या एकावर भरलेलं मशीन तरंगत राहील याची खात्री नसते. हलकं आणि ताकदवान सिंगल इंजिन, जसं बेल ४०७ किंवा एअरबसचं एच १२५, डोंगरात जगभर चालतं ते यामुळे. एच १२५ च्याच घराण्यातलं मशीन २००५ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकलं होतं. दोन इंजिनं असली तरी ढगापुढे काही चालत नाही, जून २०१३ च्या महापुरात बचावकार्य करणारं वायुसेनेचं एमआय-१७ गौरीकुंडाजवळच पडलं आणि वीस जण गेले, ते तर कितीतरी मोठं मशीन होतं. माझं स्पष्ट मत आहे की दुसऱ्या इंजिनापेक्षा जीपीएस ट्रॅकिंग, दरीत ठिकठिकाणी कॅमेरे आणि ‘आज नाही’ म्हणणारा बेस मॅनेजर याने जास्त जीव वाचतील.

आता माझ्या बाजूचं, मेंटेनन्सचं. शटलचं काम मशीनला फार झिजवतं. टर्बाइन इंजिनच्या आतल्या कित्येक पार्ट्सचं आयुष्य नुसतं तासांत नसतं, ते सायकलमध्ये मोजतात, म्हणजे ताकद किती वेळा चढली आणि उतरली. चार्टरचं मशीन एका तासात एकदा उडतं आणि एकदा उतरतं, शटलचं मशीन त्याच तासात सहा-सात वेळा पूर्ण ताकद लावतं. एक्सप्रेसवेवर शंभर किलोमीटर पळालेली गाडी आणि दादर-परळ ट्रॅफिकमध्ये शंभर किलोमीटर झालेली टॅक्सी, मीटर सारखाच दाखवेल पण क्लच कुणाचा आधी जाणार हे सांगायला नको. त्यामुळे ज्या कंपनीने हिशोब फक्त उड्डाण-तासांवर बसवला तिचं इंजिन अंदाजाच्या किती तरी आधी ओव्हरहॉलला जातं, आणि तो खर्च कोटींत असतो. शहाणा माणूस प्रत्येक फेरीमागे ठरावीक रक्कम बाजूला काढून ठेवतो आणि त्या खात्याला सीझनमध्ये हात लावत नाही.

पहाटे चार-साडेचारला फाट्याच्या बेसवर इंजिनिअरचं काम सुरू होतं. डोक्याला टॉर्च, हात गारठलेले, पहिलं काम म्हणजे टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत थोडं इंधन काढायचं आणि उजेडासमोर धरायचं. डोंगरात रात्री थंडी आणि दिवसा ऊन, त्यामुळे बॅरल आणि टाकीत दव धरून पाणी साचतं, ते जड असल्यामुळे तळाला बसतं आणि बरणीत खाली वेगळा थर दिसतो. शंका असेल तर रंग बदलणारी कॅप्सूल लावून बघतात. पाणी दिसलं तर स्वच्छ येईपर्यंत काढत राहायचं, बाहेर रांग कितीही लांब असो. मग पात्यांच्या कडा हाताने चाचपायच्या, कारण हेलिपॅडवरची बारीक खडी आणि धूळ पुढची कड खात असते, मग तेल, मग शेपटीचे बेअरिंग. सही इंजिनिअरची असते आणि ती सही म्हणजे त्याचं लायसन्स पणाला लागलेलं असतं. एखादा पार्ट गेला तर तो दिल्लीहून नाहीतर जुहूहून येणार, ऋषिकेशपर्यंत येऊन पुढे डोंगरातल्या रस्त्याने, दरड कोसळली असेल तर अजून एक दिवस. दोन मशीनच्या कंपनीत एक मशीन तीन दिवस उभं म्हणजे अर्धी कमाई तीन दिवस बंद, म्हणून कुठले स्पेअर बेसवर आधीच आणून ठेवायचे हा निर्णय छोट्या मालकाला मोठ्या मालकापेक्षा जास्त जपून घ्यावा लागतो.

हेलिपॅडवरची माणसं पण तितकीच महत्त्वाची. शटलमध्ये पाती फिरत असतानाच लोक चढवतात-उतरवतात, इंजिन दर वेळी बंद केलं तर वेळही जातो आणि सायकलही वाढतात. शेपटीचा पंखा फिरताना दिसतच नाही, २०२३ च्या एप्रिलमध्ये केदारनाथलाच एका सरकारी अधिकाऱ्याचा त्यात जीव गेला, यात्रा सुरू व्हायच्या आधीच. उतारावर उभ्या मशीनकडे कायम खालच्या बाजूने जायचं, वरच्या बाजूला पात्याचं टोक जमिनीच्या फार जवळ येतं. हे सगळं हेलिपॅडवरचा मार्शल, म्हणजे प्रवाशांना मशीनपर्यंत ने-आण करणारा मुलगा, हाताला धरून करून घेतो आणि लोकांना वाटतं उगाच ढकलतोय. सेल्फीसाठी मागे फिरणाऱ्या माणसाला खेचणारा तो मुलगा कंपनीतला सगळ्यात कमी पगाराचा असतो, हे मला पटत नाही.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो. डीजीसीएचं नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतं, त्यासाठी ऑपरेशन, सेफ्टी, ट्रेनिंग, मेंटेनन्स अशा प्रत्येक खात्याला जबाबदार माणूस नेमावा लागतो. पायलटला डोंगरात उडायचा अनुभव असावा लागतो, म्हणून इथे आर्मी आणि एअरफोर्समधून आलेले जास्त. खालचं जंगल केदारनाथ अभयारण्याचं आहे, कस्तुरीमृग आहेत, तिथे ६०० मीटर उंची ठेवून उडायचा विषय वन खातं वर्षानुवर्षं लावून धरतंय.

मालकाने पायलटच्या पगाराचा काटा कुठे ठेवलाय यावरून मला कंपनी कळते. फेऱ्यांवर पैसे असतील तर ढग बघून परत फिरणारा पायलट स्वतःच्या खिशातून दंड भरतो. ठरलेला पगार असेल आणि परत फिरल्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नसेल तर तोच पायलट वेळेत वळतो. दुसरा दबाव शेजारच्या हेलिपॅडचा, तो उडाला मग आपण का नाही, लोकही तेच म्हणतात. सगळ्या ऑपरेटरसाठी एकच माणूस ‘दरी बंद’ म्हणणारा हवा ही मागणी जुनी आहे आणि कंट्रोल रूमचा खरा उपयोग तोच आहे.

बाकीचे नऊ महिने काय, तर मशीन जिथे काम असेल तिथे जातं. अमरनाथला बालटाल-पंजतरणी (२०२५ मध्ये मात्र ते बंद होतं), वैष्णोदेवीला कटरा-सांझीछत, हेमकुंडसाठी घांघरिया, कुणाला सर्व्हे मिळतो, आणि निवडणुका लागल्या की नेत्यांच्या सभा. २०२४ च्या विधानसभेला आपल्याकडे गावोगावच्या मैदानांवर जी हेलिकॉप्टर उतरत होती, तशाच मशीनवर हे धंदे उभे असतात. स्वित्झर्लंडमध्ये एअर झर्मॅट १९६८ पासून चालू आहे, ते बचाव, मालवाहतूक आणि पर्यटक असं तिन्ही करतात, त्यामुळे एक हंगाम बुडाला तरी कंपनी बुडत नाही. आपल्याकडे वर सिमेंट, औषधं, सोलर पॅनल पोचवायचं काम भरपूर आहे, पण ते नियमित कंत्राटाने मिळत नाही. त्यात मार्च २०२५ मध्ये सोनप्रयाग-केदारनाथ रोपवेला केंद्राची मंजुरी मिळाली, १२.९ किलोमीटर, खर्च ४,०८१ कोटी, ३६ मिनिटांत वर. तो चालू झाला की शटलचा बराच प्रवासी तिकडे जाईल, आणि ज्यांनी आत्तापासून अॅम्ब्युलन्स आणि मालवाहतुकीचे हात तयार केलेत तेच टिकतील असं मला वाटतं.

जाणाऱ्यांसाठी एवढंच, बुकिंग आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवरूनच करा, नावं सारखी असलेल्या खोट्या साइट ढिगाने आहेत. यात्रेचं रजिस्ट्रेशन आधी लागतं. वजन खरं लिहा, कपडे-बूट धरून. सकाळचा पहिला स्लॉट मिळाला तर घ्या पण तो रद्द होऊ शकतो हे धरूनच हरिद्वारची परतीची ट्रेन किमान दोन दिवस पुढची काढा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचा बीपी-दम्याचा विचार वेगळा करा, कारण सात मिनिटांत शरीर एकदम ११,७०० फुटांवर जातं आणि पायी चढणाऱ्याला सवय व्हायला मिळणारा वेळ त्यांना मिळत नाही, वर उतरल्यावर निदान तासभर शांत बसवा आणि मगच दर्शनाच्या रांगेत लागा.